विश्लेषण : सेकंड हँड आलिशान घड्याळे… यंत्रापेक्षा कागद मोलाचा का ठरतो?

नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाने एक वापरलेले मनगटी घड्याळ १ कोटी ४१ लाख ९० हजार स्विस फ्रँकना विकले. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम १५० कोटी रुपयांच्या वर जाते. घड्याळ पाटेक फिलिप कंपनीचे, मॉडेल १५१८. त्यावर हिरे नाहीत आणि त्याची केस सोन्याचीही नाही, साध्या स्टेनलेस स्टीलची आहे. हे मॉडेल बहुतांशी सोन्यातच बनले. स्टीलमधली अशी चारच घड्याळे आज ज्ञात आहेत.

असे लिलाव मूठभरांचे. पण त्याखाली वापरलेल्या आलिशान घड्याळांचा बराच मोठा बाजार आहे आणि तो आता भारतातही दिसू लागला आहे. नव्या घड्याळांचे मोठे विक्रेतेच ‘प्री-ओन्ड’ विभाग चालवतात. समाजमाध्यमांवर खासगी विक्रेते रोज नवे घड्याळ दाखवतात. चांगल्या पगाराची नोकरी करणारा तिशी-पस्तिशीतला ग्राहक पहिल्या गाडीनंतर चार-पाच लाखांच्या जुन्या क्रोनोग्राफकडे वळू लागला आहे. या व्यवहारात त्याच्या हाती नेमके काय येते, त्याचे मोल कशावर ठरते आणि तो कुठे फसू शकतो?

‘कॉम्प्लिकेशन’ म्हणजे काय?

तास, मिनिट आणि सेकंद यांपलीकडे घड्याळ जे काही दाखवते किंवा करते, त्याला घड्याळांच्या भाषेत ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. साधा तारखेचा चौकोनही त्यात येतो. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातच बसवलेले स्टॉपवॉच. मिनिट रिपीटरची कळ सरकवली की आतल्या बारीक हातोड्या तारांच्या कड्यांवर आपटून तास, पाव तास आणि मिनिटे वाजवून सांगतात. विजेचे दिवे येण्यापूर्वी अंधारात वेळ कळावी म्हणून ही सोय होती. ब्रेगे यांनी १८०१ मध्ये पेटंट घेतलेले टूरबियाँ मात्र काही दाखवत नाही, ते फक्त गुरुत्वाकर्षणाने होणारी चूक कमी करण्यासाठी असते. त्यामुळे त्याला कॉम्प्लिकेशन म्हणावे का, यावर शौकिनांमध्ये वाद आहे.

चंद्रकला दाखवणारी तबकडी यांतली सर्वात देखणी. एका तबकडीवर दोन चंद्र रंगवलेले असतात आणि तिला ५९ दाते असतात. रोज एक दाता सरकला की एका चंद्राचा फेरा साडेएकोणतीस दिवसांत पूर्ण होतो. खरा चांद्रमास २९.५३ दिवसांचा. त्यामुळे साधारण २ वर्षे ८ महिन्यांनी एका दिवसाची चूक पडते. १३५ दात्यांचे चाक वापरले तर तीच चूक १२२ वर्षांनी पडते. पौर्णिमा कधी हे दिनदर्शिकेत बघणाऱ्याला याचा उपयोग शून्य, पण गंमत त्या दात्यांच्या हिशेबात आहे.

सर्वात अवघड हिशेब पर्पेच्युअल कॅलेंडरचा. महिना ३० दिवसांचा की ३१, फेब्रुवारी २८चा की २९चा, हे या घड्याळाला न सांगता कळते. आत एक चाक असते, ते चार वर्षांत एकच फेरी मारते. त्याच्या कडेला ४८ महिन्यांच्या ४८ जागा. ३१ दिवसांच्या महिन्याला खाच नाही, ३०च्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला किंचित कमी खोल. एक तरफ महिनाअखेरीस त्या खाचेत पडते आणि खोलीनुसार तारीख किती घरे पुढे ढकलायची ते ठरते. म्हणजे हा धातूत कोरलेला प्रोग्रामच. फक्त २१०० साल लीप वर्ष नाही, हे त्यात कोरलेले नसते. त्या वर्षी २८ फेब्रुवारीनंतर ही बहुतेक घड्याळे २९ तारीख दाखवतील आणि हाताने दुरुस्त करावी लागतील.

मोबाइलच्या जमान्यात याला मागणी का?

२५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. बॅटरीवरचे हे घड्याळ चावीच्या घड्याळापेक्षा कितीतरी अचूक होते आणि पुढे स्वस्तही झाले. स्वित्झर्लंडमधील घड्याळ उद्योगाने पुढच्या १५ वर्षांत निम्म्याहून अधिक रोजगार गमावले. झेनिथ कंपनीत १९७५ मध्ये यांत्रिक क्रोनोग्राफचे उत्पादन बंद करण्याचा आदेश आला, तेव्हा शार्ल व्हेर्मो या कर्मचाऱ्याने साचे, हत्यारे आणि आराखडे गुपचूप कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवले. त्यामुळेच ‘एल प्रिमेरो’ हे यंत्र पुढे पुन्हा बनवता आले. १९८८ ते २००० या काळातील रोलेक्स डेटोनामध्ये त्याच यंत्राची सुधारित आवृत्ती होती.

वेळ सांगण्याची लढाई हरल्यावर यांत्रिक घड्याळ चैनीची वस्तू म्हणून परत आले. आता ग्राहक वेळेसाठी नव्हे, तर त्यातल्या कारागिरीसाठी आणि पूर्वेतिहासासाठी पैसे मोजतो. कारागिरी डोळ्यांना दिसते. इतिहास मात्र सिद्ध करावा लागतो.

गुंतवणूक म्हणून परवडते का?

‘घड्याळ सोन्यासारखे वाढते’ हे वाक्य विक्रेते हमखास ऐकवतात. सुरुवातीला उल्लेख केलेल्या पाटेकचाच हिशेब करून पाहता येतो. तेच घड्याळ याच लिलावगृहाने २०१६ मध्ये १ कोटी १० लाख फ्रँकना विकले होते. नऊ वर्षांत वाढ २९ टक्के, म्हणजे वर्षाला तीन टक्क्यांहूनही कमी. जाहीर होणाऱ्या रकमेत लिलावगृहाचे शुल्क धरलेले असते, त्यामुळे विकणाऱ्याच्या हाती याहून कमी येते. विमा आणि देखभाल वेगळी. रुपयात मोजले तर किंमत दुपटीवर गेलेली दिसते खरी, कारण २०१६ मध्ये ७० रुपयांच्या आसपास असलेला फ्रँक २०२५ मध्ये ११०च्या घरात होता. म्हणजे रुपयातला निम्म्याहून अधिक फायदा घड्याळाचा नव्हे, चलनाचा. जगातल्या सर्वात नावाजलेल्या घड्याळांपैकी एकाची ही कथा आहे. सामान्य घड्याळांकडून याहून अधिक अपेक्षा धरणे धाडसाचे.

२०२१ आणि २०२२च्या सुरुवातीला चित्र वेगळे होते. करोनाकाळात घरी बसलेला ग्राहक, स्वस्त कर्जे आणि क्रिप्टोचा पैसा यांमुळे भाव उसळले. पाटेकच्या स्टीलमधील ‘नॉटिलस ५७११’चे उत्पादन थांबणार हे कळताच त्याचा दुय्यम बाजारातील भाव छापील किमतीच्या तिपटीहून अधिक झाला. २०२२च्या मध्यापासून भाव घसरले. शिखरावर खरेदी केलेले अनेक जण अडकले.

यात एक विरोधाभास आहे, तो नव्या संग्राहकाच्या सहसा उशिरा लक्षात येतो. दुय्यम बाजारात छापील किमतीपेक्षा जास्त भाव मिळतो तो बहुधा साध्या, स्टीलच्या, स्पोर्ट्स घड्याळांना. ज्यात खरी मेहनत आहे अशी सोन्याच्या केसमधली कॅलेंडर घड्याळे, काही मोजकी मॉडेल्स सोडली तर, दुकानाबाहेर पडताच स्वस्त होतात. कारण सरळ आहे. ती नाजूक असतात, रोज वापरता येत नाहीत, दुरुस्ती महाग पडते आणि घेणारे थोडे असतात. ज्याला यंत्राचीच आवड आहे, त्याच्यासाठी हीच संधी. नव्याची ऐपत नसलेला ग्राहक पहिल्या मालकाने सोसलेल्या घसरणीचा फायदा घेऊन तेच यंत्र बऱ्याच कमी किमतीत घेऊ शकतो. विकताना मात्र त्यालाही ग्राहक शोधत बसावे लागते.

ओमेगाच फसली, ते प्रकरण काय?

जुन्या घड्याळाची किंमत त्याचे किती भाग मूळचे आहेत यावर ठरते. डायल मूळची, काटे मूळचे, यंत्रावरचा क्रमांक केसशी जुळणारा, असे असेल तर एक भाव. काटे बदलले की दुसरा. केस घासून चकचकीत केली आणि कडांची धार गेली की तिसरा. हौशी मालकाने प्रेमाने करून घेतलेले पॉलिशही संग्राहकाच्या दृष्टीने नुकसान असते. कंपनीने सर्व्हिसिंगमध्ये नवी डायल बसवली, तरी भाव उतरतो. जुनी डायल जपून ठेवली असेल, तर तो काही प्रमाणात सावरतो.

इथेच ‘फ्रँकनवॉच’ जन्माला येते. अनेक घड्याळांचे सुटे भाग, काही बनावट भाग आणि एखादा अस्सल तुकडा जोडून ‘दुर्मीळ’ घड्याळ उभे केले जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातील फिलिप्सच्या लिलावात १९५७ सालचे म्हणून ओमेगा स्पीडमास्टर क्रोनोग्राफ आले. उन्हाने तपकिरी झालेली डायल हे त्याचे वैशिष्ट्य. अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकचा होता. विकले गेले ३१ लाखांहून अधिक फ्रँकना. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी!

जून २०२३ मध्ये ओमेगाने जाहीर केले, की हे घड्याळ बहुतांश बनावट भागांचे आहे आणि या प्रकरणात कंपनीच्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. लिलावगृहाचे म्हणणे असे, की यंत्राचा क्रमांक, मॉडेल आणि विक्रीची तारीख यांची खातरजमा ओमेगाकडूनच करून घेतली होती. म्हणजे नोंद होती, ती जुळतही होती. क्रमांक जुळला म्हणजे वस्तू अस्सल, या समजुतीलाच त्यामुळे तडा गेला. ज्या कंपनीने ते मॉडेल बनवले, तीच जर फसत असेल, तर मोबाइलवर चार फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवणाऱ्याची काय कथा?

या धास्तीतूनच मोठ्या कंपन्या जुन्या घड्याळांच्या व्यवसायात उतरल्या आहेत. रिशमाँ समूहाने २०१८ मध्ये ‘वॉचफाइंडर’ विकत घेतली. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःचा प्रमाणित प्री-ओन्ड उपक्रम सुरू केला, त्यात तपासलेल्या जुन्या घड्याळाला दोन वर्षांची हमी मिळते. अशा ठिकाणी भाव खासगी विक्रेत्यापेक्षा चढा असतो. तो फरक म्हणजे त्या हमीपत्राची किंमत.

‘मुंबई स्पेशल’ म्हणजे काय?

जगभरच्या घड्याळ शौकिनांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द रुळला आहे आणि तो काही कौतुकाचा नाही. जुन्या सेइको ५, एचएमटी किंवा फाव्र-लूबाचे चालू यंत्र घ्यायचे, डायल नव्याने रंगवायची, भडक लाल-निळे काटे लावायचे, केस घासून चकाकवायची आणि ‘व्हिंटेज’ म्हणून ऑनलाइन विकायचे, असा हा प्रकार. रंगवलेल्या डायलवरची अक्षरे जाड किंवा वाकडी असतात. कधी त्या मॉडेलमध्ये कधीच नसलेला रंगही दिसतो.

यात कारागिराचा दोष काढणे सोपे, पण पुरते खरे नाही. चोरबाजारात आणि गल्लीतल्या दुकानांत जुने घड्याळ ‘नवे करून देणे’ हे पिढ्यान्‌पिढ्यांचे सरळ काम होते. वडिलांचे घड्याळ मुलाला वापरता यावे, एवढाच त्याचा हेतू. फसवणूक सुरू होते ती रंगवलेली डायल ‘ओरिजिनल’ म्हणून विकली जाते तेव्हा. काही हजारांच्या एचएमटीत नुकसान पचते. तोच खेळ पाच-दहा लाखांच्या क्रोनोग्राफमध्ये झाला तर पचत नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

अस्सल-नकलीचा प्रश्न सुटला तरी भारतीय ग्राहकाचा दुसरा प्रश्न उरतो. घड्याळ देशात आले कसे?

सीमाशुल्क कायदा, १९६२ मधील कलम १२३ याबाबतीत महत्त्वाचे आहे. सामान्यतः आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. पण तस्करीच्या रास्त संशयावरून अधिकाऱ्याने सोने किंवा घड्याळ जप्त केले, तर ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडले त्याच्यावर येते. या कलमात सोन्याच्या जोडीने घड्याळांचा थेट उल्लेख आहे. स्विस घड्याळे चोरवाटेने येत, त्या काळाची ही खूण. संग्राहकासाठी याचा अर्थ असा, की खरेदीचे बिल हा केवळ पुनर्विक्रीचा भाव वाढवणारा कागद नाही, तो बचावाचा पुरावा आहे. ‘बिल नाही, पण माल एक नंबर’ या वाक्यात स्वस्ताईइतकीच जोखीमही असते.

परदेशातल्या संकेतस्थळावरून जुने घड्याळ कुरिअरने मागवावे, तर विदेश व्यापार धोरण आडवे येते. यंत्रसामग्रीसारख्या भांडवली वस्तू वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात ‘प्रतिबंधित’ गटात आहे, म्हणजे त्यासाठी परवाना लागतो. हाँगकाँग, दुबईतला भाव पाहून हरखणाऱ्यांना बहुधा हे ठाऊक नसते. म्हणूनच नियमाने चालणारे भारतीय विक्रेते मुख्यतः देशातल्याच मालकांकडून घड्याळे घेतात. परदेशवारीत मनगटावर बांधून आणलेल्या घड्याळावरही शुल्कमुक्त मर्यादेपुढे शुल्क भरून पावती घ्यावी लागते. उलट स्वतःचे महागडे घड्याळ घेऊन परदेशी जाताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. येताना ते दाखवले की वाद होत नाही.

चोरीच्या मालाचा धोका वेगळाच. चोराकडून चांगल्या भावनेने, पूर्ण पैसे देऊन घेतले तरी मालकी हक्क मिळत नाही. घड्याळ मूळ मालकाकडे जाते आणि पैसे मागायला विक्रेता सापडेलच असे नाही. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला सबळ कारण असूनही, तो घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा ठरतो. लंडनच्या ‘द वॉच रजिस्टर’कडे हरवलेल्या आणि चोरलेल्या घड्याळांच्या क्रमांकांची नोंद असते. रिशमाँने २०२३ मध्ये ‘एन्क्विरस’ हे मोफत व्यासपीठ सुरू केले. क्रमांक टाकून पाहायला काही मिनिटे लागतात. विक्रेता क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तेही एक उत्तरच.

करांचे म्हणाल तर, २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांहून महाग मनगटी घड्याळावर विक्रेत्याने एक टक्का ‘टीसीएस’ गोळा करायचा आहे. तो विवरणपत्रात वळता करता येतो, पण त्यासाठी पॅन द्यावा लागतो आणि व्यवहाराची नोंद प्राप्तिकर खात्याकडे जाते.

नवी स्विस घड्याळे स्वस्त झाली तर?

भारत आणि स्वित्झर्लंडसह ‘एफ्टा’ गटातील चार देशांमधील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरील २० टक्के मूळ आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. नव्याच्या किमती उतरल्या, की त्याच मॉडेलच्या जुन्या घड्याळाला आजचा भाव टिकवणे अवघड जाईल. मात्र कंपन्या दरवर्षी मूळ किमती वाढवतात आणि फ्रँकही रुपयापुढे चढत आला आहे. शुल्कातली सूट त्यातच विरून गेली, तर ग्राहकाला फारसे काही जाणवणार नाही. बंद झालेल्या मॉडेलांना या कराराचा धक्का सर्वात कमी.

हातात घेतल्यावर काय पाहावे?

कागद नीट असले तरी यंत्र पाहावेच लागते. बहुतेक स्विस यंत्रे तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे वर्षाला २५ कोटी २२ लाख. तेल सुकले तरी यंत्र काही काळ चालत राहते, फक्त धातू धातूवर घासत राहतो. ‘नीट चालते’ हा सर्व्हिसिंगचा पुरावा नव्हे.

टाइमग्राफर नावाचे छोटे उपकरण घड्याळाचे ठोके ऐकून बॅलन्स व्हील किती अंशांत झुलते ते सांगते. पूर्ण चावी दिलेल्या, आडव्या ठेवलेल्या निरोगी यंत्रात हा आकडा साधारण २७० ते ३१० अंश असतो. क्रोनोग्राफ सुरू केल्यावर तो थोडा उतरतो, पण धाडकन कोसळत असेल तर आत काम आहे. कळ दाबून क्रोनोग्राफचा काटा शून्यावर आणला, की तो बरोबर बाराच्या रेघेवर थांबला पाहिजे. कॅलेंडर असेल तर काटे फिरवून मध्यरात्र ओलांडून पाहावी, वार, तारीख, महिना सगळे पूर्ण सरकले पाहिजे. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान मात्र तारीख बदलण्याची कळ दाबू नये. त्या वेळी आतली चाके आधीच एकमेकांत गुंतलेली असतात आणि जबरदस्तीने दाता तुटतो. जुन्या पर्पेच्युअल कॅलेंडरमधला असा दाता बहुतेक ठिकाणी दुरुस्त होत नाही.

खर्चाचा अंदाज याच टप्प्यावर घ्यावा. तीन काट्यांच्या घड्याळाचे सर्व्हिसिंग आणि क्रोनोग्राफचे सर्व्हिसिंग यांत मोठे अंतर असते. पर्पेच्युअल कॅलेंडर किंवा मिनिट रिपीटर तर अनेकदा स्वित्झर्लंडलाच पाठवावे लागते. काही महिने घड्याळ हातात नसते. विक्रेत्याने सांगितलेल्या भावात हा खर्च मिळवून मगच घासाघीस करावी.

आणि तिथेही कागद सुटत नाही. दुरुस्तीसाठी परदेशी गेलेले घड्याळ परत येताना शुल्क घड्याळाच्या पूर्ण किमतीवर लागत नाही, तर दुरुस्तीचा खर्च, विमा आणि दोन्ही वेळचे वाहतूक भाडे यांवर लागते. अट अशी, की परत आलेली वस्तू तीच आहे हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला पटले पाहिजे. म्हणून घड्याळ पाठवतानाच केस आणि यंत्रावरचे क्रमांक निर्यातीच्या कागदावर लिहून घ्यावे लागतात.